प्रबंध सादर झाल्यानंतरचे सहा महिने

पीएच.डी.च्या नियमावलीत विद्यार्थ्यासाठी मुदती पुष्कळ आहेत. विद्यापीठासाठी महत्त्वाची अशी एकच आहे. विद्यार्थ्याची मुदत उलटली की विलंब शुल्क भरावे लागते, पुनर्नोंदणी करावी लागते, नाहीतर नोंदणीच रद्द होते. विद्यापीठाची मुदत उलटली तर काहीही होत नाही, आणि ती उलटली आहे याची नोंदसुद्धा सहसा कोणी ठेवत नाही. संशोधन मार्गदर्शक म्हणून काम करताना हा फरक मी वर्षानुवर्षे जवळून पाहत आले आहे. पदवी पूर्ण होण्याच्या अटींविषयी आपण बोलतो तेव्हा प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, शोधनिबंध यांवर भरपूर चर्चा होते, पण प्रबंध सादर केल्यापासून निकालाची अधिसूचना निघेपर्यंतच्या काळाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून ही पोस्ट.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.संबंधीचे नवे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार प्रवेशाच्या तारखेपासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत संशोधन पूर्ण करायचे असते. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते, त्यात संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा विषय समाविष्ट असावाच लागतो, आणि पुढे जाण्यासाठी किमान ५५ टक्के गुण किंवा तत्सम श्रेणी मिळवावी लागते. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची, शेवटी प्री-सबमिशनचे, म्हणजे प्रबंध देण्यापूर्वीचे, सादरीकरण करायचे, वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल जोडायचा आणि मग प्रबंध सादर करायचा, असा हा क्रम आहे. यातली जवळजवळ प्रत्येक अट मला योग्य वाटते. समितीपुढचे सादरीकरण मनापासून घेतले तर विद्यार्थ्याची कितीतरी मेहनत वाया जाण्यापासून वाचते.

शोधनिबंधाच्या सक्तीबद्दलही सांगायला हवे. २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासून निबंध छापणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. २०२२ मध्ये आयोगाने ही सक्ती काढली आणि ते योग्यच झाले, कारण त्या सक्तीपोटी पैसे घेऊन आठ-पंधरा दिवसांत काहीही छापून देणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला होता. तरीही काही ठिकाणी ‘दोन पेपर दाखवल्याशिवाय सही होणार नाही’ असे तोंडी सांगितले जाते. एखाद्या विद्यापीठाला प्रकाशनाची अट हवी असेल तर त्याने ती आपल्या नियमांत लिहावी आणि प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात द्यावी. पाचव्या वर्षी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये कळणारी अट ही अट नव्हे, ती अडवणूक आहे.

आता मूळ मुद्दा. याच विनियमांत असे म्हटले आहे की प्रबंध सादर झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत मूल्यमापनाची संपूर्ण प्रक्रिया, मौखिक परीक्षेचा निकाल जाहीर करण्यासह, पूर्ण होईल अशा पद्धती संस्थांनी विकसित कराव्यात. वाक्य नीट वाचले तर त्यातली फट लगेच दिसते. पद्धती विकसित करायला सांगितले आहे. सहा महिन्यांत काम झाले नाही तर जबाबदार कोण, विद्यार्थ्याने कोणाकडे जायचे आणि त्याला काय मिळेल, याबद्दल एक अक्षरही नाही. विद्यार्थ्याच्या सहा वर्षांची सीमा संगणक प्रणाली दिवसाच्या हिशोबाने राखते. विद्यापीठाच्या सहा महिन्यांकडे लक्ष ठेवणारी कोणतीही यंत्रणा मला आजवर दिसलेली नाही.

या काळात प्रत्यक्षात काय घडते ते बाहेरच्या माणसाला कळणे अवघड आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. प्रबंधाच्या प्रती पीएच.डी. विभागात जमा होतात, आवक नोंदवहीत क्रमांक पडतो आणि विद्यार्थ्याला शिक्का मारलेली पोच मिळते. परीक्षकांच्या नावांची यादी बंद पाकिटात वर जाते. तिथून नावे निश्चित होऊन आली की संबंधित प्राध्यापकांना संमतीसाठी पत्र पाठवले जाते. संमती आल्यावर प्रबंध पाठवला जातो, मग अहवालांची वाट पाहिली जाते, दोन्ही बाह्य परीक्षकांचे अहवाल अनुकूल आले की मौखिक परीक्षेची तारीख ठरते, आणि व्हायवा पार पडल्यानंतर अधिसूचनेची फाईल पुन्हा तीन-चार टेबलांवरून फिरते. यातला एकच टप्पा खऱ्या अर्थाने विद्वत्तेचा आहे, तो म्हणजे परीक्षकाने प्रबंध वाचून अहवाल लिहिणे. त्याला सहा ते आठ आठवडे लागले तर कोणाचीही तक्रार असू नये. तीनशे पानांचा प्रबंध जबाबदारीने वाचायला तेवढा वेळ लागतोच. बाकीचा सगळा वेळ वाट पाहण्यात जातो.

ही वाट पाहणे कशाची असते? यादीतल्या एका प्राध्यापकांचा ईमेल पत्ता जुना निघतो, ते वर्षभरापूर्वीच दुसऱ्या संस्थेत गेलेले असतात, पण पत्र जुन्याच पत्त्यावर गेलेले असते आणि उत्तर का येत नाही हे पाहायला कोणी नसते. महिन्या-दीड महिन्याने स्मरणपत्राचा मसुदा तयार होतो आणि तो सहीसाठी थांबतो, कारण सही करणारे अधिकारी परीक्षांच्या धामधुमीत असतात. पहिले परीक्षक नकार कळवतात. पर्यायी नाव यादीत असते, तरी ते मागवण्यासाठी टिपणी नव्याने वर पाठवावी लागते. अहवाल पाठवूनही मानधन वर्ष-वर्ष मिळाले नाही असा अनुभव आलेले प्राध्यापक पुढच्या वेळी संमतीच देत नाहीत, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही. यात कोणाचीही दुष्ट बुद्धी नाही. पीएच.डी. विभागातले कर्मचारी अनेकदा अपुऱ्या संख्येने आणि प्रचंड ताणाखाली काम करत असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण दुष्ट बुद्धी नसतानाही एखाद्या माणसाच्या आयुष्यातले दीड वर्ष निघून जाऊ शकते.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत असेच झाले. तिने प्रबंध सादर केला तेव्हा तिची अधिछात्रवृत्ती संपलेली होती. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: यूजीसीच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा एकत्रित कालावधी कमाल पाच वर्षांचा आहे, तर विनियम सहा वर्षांपर्यंत काम करू देतात, त्यामुळे शेवटचे वर्ष अनेक जण बिनपगारीच काढतात. प्रबंध दिल्यावर सहा महिने धरून तिने पुढची आखणी केली होती. सहा महिने गेले, नंतर वर्षही सरत आले. दरम्यान तिच्या विषयातल्या एका पदाची जाहिरात निघाली. ऑनलाइन अर्जात पीएच.डी.च्या अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक भरण्याची चौकट होती आणि ती भरल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नव्हता. ‘प्रबंध सादर केला आहे’ असे लिहायला त्या अर्जात जागाच नव्हती. तिचे दोन्ही अहवाल शेवटी आले ते उत्तम होते आणि व्हायवाही सुरेख झाली. पण अर्जाची अंतिम तारीख त्याआधीच गेलेली होती. त्या विषयात पुढची जाहिरात कधी निघेल हे कोण सांगू शकणार? आपल्याकडे प्राध्यापक भरतीची गती काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

विद्यार्थी चौकशीला गेला तर त्याला काय उत्तर मिळते? ‘गोपनीय आहे.’ परीक्षकाचे नाव गोपनीय असलेच पाहिजे, त्याबद्दल माझे दुमत नाही. मात्र प्रबंध परीक्षकाकडे कोणत्या तारखेला गेला, किती अहवाल आले, स्मरणपत्र गेले की नाही, यात गोपनीय काय आहे? नावाची गोपनीयता पुढे करून तारखाही झाकल्या जातात, आणि तारखा झाकल्या गेल्या की विलंबही झाकला जातो. मार्गदर्शकाची अवस्थाही वेगळी नसते. विद्यार्थी आम्हाला विचारतात, आम्ही विभागाला विचारतो, आणि ‘फाईल वर आहे’ एवढेच उत्तर घेऊन परत येतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की परीक्षक बाहेरचे असतात, त्यांच्यावर विद्यापीठाची सत्ता चालत नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. बाहेरच्या विद्वानावर सक्ती करता येत नाही. आपले काम मात्र आधी उरकून ठेवता येते. प्री-सबमिशन आणि प्रत्यक्ष प्रबंध जमा करणे यांच्यामध्ये काही आठवडे तरी जातातच. त्याच काळात परीक्षकांची निवड आणि संमती का पूर्ण करू नये? तसे झाले तर प्रबंध ज्या दिवशी जमा होईल त्याच आठवड्यात परीक्षकाकडे जाऊ शकेल. संमती घेतानाच अहवालाची तारीख ठरवून घ्यावी आणि त्या तारखेपर्यंत अहवाल आला नाही, तर नवी टिपणी न लिहिता, नवी सही न घेता, पर्यायी परीक्षकाकडे प्रबंध आपोआप जावा. मान्य यादीतला पर्यायी परीक्षक विनियमांना परका नाही. एका परीक्षकाने प्रबंध नाकारला तर तो पर्यायी परीक्षकाकडे पाठवण्याची तरतूद त्यांत आहेच. नकारासाठी जी सोय आहे ती मौनासाठीही असायला हवी. मौखिक परीक्षा ऑनलाइन घेण्याची मुभा आहे, म्हणून प्रवासाचे कारणही आता फारसे उरलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घाई केली तर दर्जा घसरेल. मला हे पटत नाही, कारण मी परीक्षकाच्या वाचनाचा एक दिवसही कमी करा असे म्हणत नाही. उलट विलंबानेच दर्जाचे नुकसान होते. वर्षभर पडून राहिलेल्या प्रबंधातली आकडेवारी शिळी होते, संदर्भ मागे पडतात, विद्यार्थी दरम्यान पोटापाण्यासाठी वेगळ्याच कामाला लागलेला असतो, आणि व्हायवाच्या दिवशी परीक्षक नेमका प्रश्न विचारतात तेव्हा त्याला आपलेच तिसरे प्रकरण आठवावे लागते. प्रबंध लिहून हात मोकळे झाले आहेत, विषय डोक्यात ताजा आहे, अशा वेळी होणारी उलटतपासणी विद्यार्थ्यालाही हवी असते. ती खुली असते, इतर संशोधक विद्यार्थी तिथे येऊन बसू शकतात, आणि चांगली व्हायवा ऐकून नव्या विद्यार्थ्यांना जे कळते ते कोर्सवर्कच्या वर्गात कळत नाही.

इतर परीक्षांच्या बाबतीत आपल्या राज्याच्या कायद्याने हा प्रश्न बराच स्पष्टपणे हाताळला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावायचा असतो. तसे झाले नाही तर विलंबाच्या कारणांचा तपशीलवार अहवाल कुलपतींना सादर करावा लागतो. ही तरतूद सर्वत्र तंतोतंत पाळली जाते असे मी म्हणणार नाही, पण तिच्यामुळे निकाल रखडला की वर्तमानपत्रे विचारतात, विद्यार्थी संघटना विचारतात आणि कुलगुरूंना उत्तर द्यावे लागते. बी.ए.चा निकाल दोन महिने लांबला तर बातमी होते. पीएच.डी.चा निकाल दोन वर्षे लांबला तर ती त्या एका विद्यार्थ्याची खाजगी अडचण मानली जाते, कारण एकाच वेळी एकाच प्रबंधाचा प्रश्न असतो आणि एकट्या माणसाचा मोर्चा निघत नाही.

पदवी प्रमाणपत्रालाही मुदत आहे. आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र ठरणे अपेक्षित असते त्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी प्रदान झाली पाहिजे. ग्रंथालय, वसतिगृह आणि लेखा विभाग यांच्या ना-देय प्रमाणपत्रांच्या फेऱ्यांविषयी इथे लिहीत नाही. त्या त्रासदायक आहेत, पण त्या निदान विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर घडतात.

माझी मागणी अशी आहे की विद्यार्थ्याची मुदत आणि विद्यापीठाची मुदत एकाच प्रणालीत, एकाच काटेकोरपणे मोजली जावी. प्रबंधाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख, परीक्षकाच्या नावाशिवाय, विद्यार्थ्याला त्याच्या लॉगिनवर दिसावी. सहा महिने पूर्ण झाले आणि निकाल लागला नाही, तर कारणासह अहवाल कुलगुरूंकडे आणि नंतर कुलपतींकडे जावा. त्यापुढच्या काळासाठी विद्यार्थ्याकडून कोणत्याही नावाखाली शुल्क घेतले जाऊ नये. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद आहे; प्रबंधाच्या मूल्यमापनातले जे टप्पे निव्वळ कार्यालयीन आहेत, जसे संमतीपत्र पाठवणे, प्रबंध पाठवणे, व्हायवानंतर अधिसूचना काढणे, ते त्या कायद्याखाली आणायला काय हरकत आहे?

माझ्या मित्रयादीत वेगवेगळ्या विद्यापीठांच्या अधिसभेचे काही सदस्य आहेत. त्यांना विनंती आहे की पुढच्या बैठकीसाठी एक प्रश्न लेखी द्यावा: आजच्या तारखेला सादर होऊन सहा महिने उलटलेले किती प्रबंध विद्यापीठाकडे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक कोणत्या टप्प्यावर थांबला आहे? विद्यार्थ्याचे नाव नको, परीक्षकाचे नाव नको. विद्याशाखा, सादर केल्याची तारीख, परीक्षकाकडे रवाना झाल्याची तारीख आणि सद्यस्थिती, एवढे चार रकाने पुरेत. उत्तर मिळाले तर ते इथे कमेंटमध्ये जरूर टाकावे, आणि उत्तर देता येत नाही असे सांगितले गेले तर तेही टाकावे.