दारातल्या जुन्या फरशीवर नवी टाईल चिकटवू नका

दार उघडून आत आलं की पहिला जो चार पावलांचा तुकडा असतो ना, तिथली फरशी बदलायची म्हटली की हल्ली पहिला सल्ला हाच मिळतो, "कशाला फोडताय, जुन्यावरच चिकटवून देतो, धूळ नाही, राडारोडा नाही, काम पटकन मोकळं." माझं स्पष्ट मत आहे, बाकी घरात काय करायचं ते करा पण दारात हे करू नका. आमच्याकडे काम निघालं तेव्हा मी हट्टाने सगळं उखडायला लावलं आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

साधा हिशोब बघा. टाईल 8 ते 10 मिमी, खाली अ‍ॅढेसिव्ह 3 ते 5 मिमी, म्हणजे फरशी साधारण 11 ते 15 मिमी वर येते. मग दार घासतं, ते खालून तासा, आणि पुढच्या खोलीच्या तोंडाशी एक बारीकशी पायरी तयार होते जी नीट दिसतही नाही पण अंगठा बरोबर तिथेच अडकतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हा विषय दिसण्याचा राहतच नाही.

आणि मुळात जुनी फरशी बदलतोय का आपण? कुठेतरी ती हलतेय, तडकलीये, सांधे सुटलेत म्हणूनच ना. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत जा, भरीव जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी पोकळ. अशा पोकळ फरशीवर कितीही महागाचं अ‍ॅढेसिव्ह लावलं तरी ते धरणार कशाला, खालचीच सुटलेली आहे! फोडल्यावर खालचा कोबा दिसतो, भेगा दिसतात, ओल कुठून येते ते कळतं. मोठ्या टाइल्स लावणार असाल तर 3 मीटरची सरळ पट्टी ठेवून 3 मिमीपेक्षा जास्त खड्डा नको, असेल तर आधी लेव्हल करून घ्या.

एकच अपवाद. घर 1980च्या आधीचं आणि खाली जुन्या व्हिनाईल टाइल्स किंवा त्या चिकटवायचा काळा डिंक असेल तर त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणजे ज्याची धूळ श्वासातून आत गेली तर घातक असे तंतू, तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका, घासू तर अजिबात नका.

बसवताना मी मिस्त्रींना म्हटलं, आत्ता लावलेली एक उचलून दाखवा. थोडे नाराज झाले, पण उचलली. मागच्या बाजूला दात्यांच्या थापीच्या रेघा दाबल्या जाऊन सपाट झाल्या होत्या, कोपऱ्यापर्यंत माल पोचला होता, एका कडेला मात्र कोरडा पट्टा होता, तो त्यांनी स्वतःच बघितला आणि पुढच्या प्रत्येक टाईलला मागूनही मालाचा हात फिरवला. बरेच जण चार कोपऱ्यात चार गोळे आणि मधे एक ठेवून टाईल दाबून देतात. वरून झकास दिसतं, पण खाली पोकळी राहते आणि काहीतरी जड आपटलं की कोपरा गेला. म्हणून सांगतो, उचलून बघा, लाजू नका, माल ओला आहे तोवरच हे जमतं.

टाईल निवडताना दुकानातल्या लाइटखाली चकाकणारी घेऊ नका. दारात पावसाचं पाणी येतं, ओल्या चपला येतात, पॉलिश टाईलवर पाय सटकतोच. मॅट घ्या, बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये स्लिप रेटिंग (पाय किती धरतो त्याचं माप, आकडा मोठा तितकी पकड जास्त) आर10 तरी असावं, पाणी शोषण 0.5 टक्के किंवा कमी. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स स्वस्त पडतात म्हणून खाली लावणारेही बघितलेत, त्या तिथे टिकत नाहीत. भिंतीलगत थोडी फट सोडायची, स्कर्टिंगखाली झाकली जाते, नाहीतर फरशी फुगायला जागाच उरत नाही आणि मधेच वर उचलते.

ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा माल, लगेच भरू देऊ नका, साधारण 24 तास जाऊ द्या, अ‍ॅढेसिव्हच्या पिशवीवर लिहिलेलं असतं तेवढे. तोवर त्यावरून कुणी चालायचं नाही, आणि हे दारातच असल्यामुळे सगळ्यात कठीण, दुसरं दार नसेल तर काम दोन भागात करून घ्या, अर्धी वाट मोकळी ठेवून. आणि टाइल्स दहा टक्के जास्तीच्या घ्या, सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना ते नंबर वाचून बघा, नंतर एखादी फुटली तर तीच शेड परत मिळेलच असं नाही.