'परीक्षा नको, जहाजाची हमी': हा मेसेज खोटा आहे

रविवारी ताईचा फोन. "तुझ्या भाच्याची सीट धरायला उद्या पन्नास हजार भरायचेत." पाठोपाठ मेसेज आला: 'बारावीनंतर मर्चंट नेव्ही ऑफिसर. प्रवेश परीक्षा नाही. चष्मा चालेल. खाजगी कॉलेजंही चांगली असतात. कॉलेज कुठलंही घ्या, शंभर टक्के जहाज आम्ही देऊ.' जहाजावर वर्षं काढलेल्या मला हे वाचून संताप आला.

परीक्षा नाही? तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स (जहाज चालवण्याची पदवी) असो वा एक वर्षाचा डीएनएस (त्याच विषयाचा डिप्लोमा), इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावीच लागते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये सरासरी 60 टक्के हवेत. चष्म्याचं म्हणाल तर इंजिन विभागाला ठरावीक नंबरपर्यंत चालतो. डेकला, म्हणजे जहाज चालवणाऱ्या विभागाला, विनाचष्मा नजर तपासतात. रंगांधळेपण तर डेकला अजिबात चालत नाही, कारण रात्री समोरच्या जहाजाचा डावीकडचा लाल दिवा दिसतोय की उजवीकडचा हिरवा, यावरच वळायचं ठरतं.

आता ती जहाजावर जागा मिळण्याची 'हमी'. घरं गहाण पडतात ती इथे. डिग्री हातात आली म्हणून कोणी ऑफिसर होत नाही. बीएस्सीनंतर 12 महिने, डीएनएसनंतर 18 महिने कॅडेट (शिकाऊ) म्हणून जहाजावर काढायचे, मग सेकंड मेटची, म्हणजे डेक ऑफिसर होण्याची, परीक्षा. जहाजच मिळालं नाही तर तीन वर्षांची फी पाण्यात. पोरं इथेच अडकतात आणि एजंट 'जॉइनिंग'चे लाखो मागतो. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), पासपोर्ट एवढाच खर्च आपला. म्हणजे जहाजासाठी पैसे मागणारा तिथेच नियम मोडतोय.

खाजगी कॉलेजंही चांगली असतात, हे मेसेजमधलं एक वाक्य मला मान्य करावं लागतं. काही शिपिंग कंपन्या प्रवेशाआधीच मुलं निवडून स्पॉन्सरशिपचं, म्हणजे पुढे आपल्या जहाजावर घेण्याचं, पत्र देतात. डीएनएसला तर ते फार महत्त्वाचं. पण 'कुठलंही कॉलेज' नाही. केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या (डीजी शिपिंग) वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. त्यात संस्था शोधा, आणि तोच कोर्स मंजूर आहे का तेही बघा; जीपी रेटिंगची (साध्या खलाशाच्या कोर्सची) मान्यता दाखवून डेक ऑफिसरची स्वप्नं विकतात. मग मागच्या बॅचची किती मुलं कोणत्या कंपनीच्या जहाजावर आहेत ते विचारा आणि त्यातल्या दोघांशी स्वतः बोला.

ताईने पैसे भरलेले नाहीत. एजंटकडे संस्थेचं नाव आणि मान्यतेचं पत्र मागितलंय. तोवर भाचा सीईटीचा अभ्यास करतोय.