शास्त्रोक्त म्हणजे नेमकं कसं?

बर्ड फ्लूच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘बाधित क्षेत्रातील कोंबड्यांची शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट लावण्यात आली.’ 2006 मध्ये नवापूरला साथ आली तेव्हा मी पुण्यात होते. हे वाक्य वाचलं आणि पान उलटलं. 2021 मध्ये तेच वाक्य नेदरलँड्समध्ये फोनवर वाचलं, पण पुढे जाता येईना. माझा मामेभाऊ तेव्हा दौंडकडे एका शेडवर पथकाच्या मदतीला गेला होता.

तो म्हणाला, “पहिल्या शंभरेक कोंबड्या नीट होतात गं ताई. मग हात भरून येतात, घामानं हातमोजे निसटतात. एका झटक्यात मान मोडत नाही, पुन्हा पिरगळावी लागते. तोवर ती डोळे उघडे ठेवून बघत असते.” पुढचे कितीतरी दिवस घरात कोंबडी शिजली की तो उठून अंगणात जायचा.

पुण्यात घरच्यांशी बोलताना विषय दोनच निघतात : चिकन खायचं की नाही, आणि शेतकऱ्याला भरपाई किती. दोन्ही रास्तच आहेत. पण त्या पक्ष्याला मरताना काय झालं आणि मारणाऱ्याच्या हातांना काय झालं, हे कुणी विचारत नाही.

मी राहते त्या गेल्डरलंड प्रांतात 2003 ची साथ लोक अजून विसरलेले नाहीत. देशभरात सुमारे 3 कोटी पक्षी मारले गेले, एक पशुवैद्यही दगावला. इथे बंदिस्त शेड सील करून आत कार्बन डायऑक्साइड सोडतात, नाहीतर पक्षी गॅसच्या कंटेनरमध्ये घालतात. त्यातही वेदना आहेच. हा वायू नाकातोंडाला झोंबतो, पक्षी माना झटकतात. म्हणून तर नायट्रोजन भरलेल्या फेसात पक्षी मारण्याचे प्रयोग झाले.

पण प्राणी मारण्याबाबतच्या युरोपियन युनियनच्या 2009 च्या कायद्यात एक आकडा आहे : एका माणसाने हाताने मान मोडून दिवसाला 70 पेक्षा जास्त पक्षी मारायचे नाहीत. मी तो भावाला सांगितला. बराच वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, “सत्तर तर आमच्या चहाच्या आधी व्हायच्या.”

इथली पद्धत उचलून दौंडला नेता येणार नाही. आपल्या शेडला जाळी आणि पडदे, त्यात गॅस कोंडणार कसा? पण कोंबड्या क्रेटसकट आत जातील असा गॅसचा हवाबंद कंटेनर ट्रॅक्टरला जोडून एका शेडवरून दुसऱ्या शेडवर नेता येईल. पुण्यातल्या औंधच्या प्रयोगशाळेतून नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात आणि निकाल येईपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात हा कंटेनर जागेवर आणून ठेवायला काय हरकत आहे?

आणि दुसरी गोष्ट तर फुकट आहे. त्याच कायद्यानुसार साथीत पक्षी मारले की त्याचा अहवाल दरवर्षी 30 जूनपर्यंत द्यावा लागतो, तोही सगळ्यांना वाचता येईल असा. किती मारले, कोणत्या पद्धतीने, अडचणी काय आल्या, पक्ष्यांचे हाल कमी करायला काय केलं, नियमातून सूट घेतली असेल तर कोणती, हे सगळं त्यात असतं. पुणे जिल्ह्यात पुन्हा साथ आली, तर ‘शास्त्रोक्त’ या एका शब्दाच्या जागी मला हे सगळं मराठीत लिहिलेलं वाचायचं आहे. भाऊ म्हणतो, त्यात पुन्हा पिरगळाव्या लागलेल्या माना किती, तेही लिहायला सांग.