मानकरी ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

संघाच्या जुन्या खेळाडूंपैकी कोणाचं नाव स्टेडियमवर कायमचं झळकावं, या विषयावर वाद घालायची इच्छा तुम्हाला झाली, हे उत्तम झालं. चालू हंगामात संघाचं काही खरं नसलं की हा विषय फार कामी येतो. डॅलस काउबॉईजचे चाहते बघा. अमेरिकन फुटबॉलमधला त्यांचा हा बडा संघ शेवटचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तो जानेवारी 1996 मध्ये. त्यानंतर त्या सामन्यात तो फिरकलेलाही नाही. पण त्यांच्या 'रिंग ऑफ ऑनर'वरचा वाद दर वर्षी अंतिम फेरी गाठतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्स श्रॅम हे काउबॉईजचे जनरल मॅनेजर. त्यांनी 1975 मध्ये ही प्रथा सुरू केली आणि बॉब लिली हे पहिलं नाव स्टेडियमच्या आत, प्रेक्षकांच्या डोक्यावर लावलं. 2023 संपेपर्यंत तिथे 24 नावं झाली होती. अर्ध्या शतकात चोवीस. म्हणजे आत जितके आहेत त्याच्या कैकपट बाहेर आहेत आणि त्या प्रत्येकाला तुमच्यासारखा वकील हवा आहे.

पहिलं पथ्य असं की आधी नाव ठरवा, निकष मागाहून. उलट क्रमाने जाणारे लोक असतात. ते म्हणतात, 'आधी नियम ठरवू, मग त्यात कोण बसतं ते बघू.' अशा माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की त्याचा लाडका खेळाडू त्याच्याच नियमात बसत नाही, आणि मग तो बिचारा प्रामाणिकपणे गप्प बसतो. वाद असा मरू द्यायचा नसतो.

समजा तुम्हाला टोनी रोमो हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा गडी, आत हवा आहे. 2003 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कोणीच निवडलं नव्हतं, आणि निवृत्त झाला तेव्हा 34,183 पासिंग यार्ड आणि 248 टचडाउन पास हे दोन्ही काउबॉईजचे विक्रम त्याच्या नावावर होते. तर निकष 'आकडे' हाच घ्या. समोरचा लगेच सांगेल की प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, त्याचे दोन विजय आणि चार पराभव. जानेवारी 2007 मध्ये सिएटलविरुद्ध काउबॉईजना सोपी किक होती, किकसाठी याने चेंडू नीट धरला नाही आणि सामना 21-20 असा हातचा गेला. डगमगू नका. शांतपणे जुना क्वार्टरबॅक डॉन मेरेडिथचं नाव काढा. मेरेडिथने एकही विजेतेपद जिंकलं नाही. 1966 आणि 1967 अशा दोन्ही हंगामांच्या अंतिम सामन्यांत तो ग्रीन बेकडून हरला, आणि तरी 1976 मध्ये त्याचं नाव लागलं. मग रोमोने काय घोडं मारलंय?

आणि रोमो नकोच असेल, तर हेच मेरेडिथ प्रकरण उलटं फिरवा. 'एकदा चूक झाली म्हणून ती पुन्हा करायची का?' एकाच पुराव्यावर दोन्ही पक्षांचे खटले उभे राहतात, ही या क्षेत्राची खरी श्रीमंती.

'संघाकडून किती वर्षं खेळला' हा निकष तर रबरी आहे, खिशात कायम ठेवावा. चार्ल्स हेली काउबॉईजकडून पाच हंगाम खेळला. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोकडून दोन सुपर बोल जिंकून आला होता, इथे आणखी तीन जिंकले आणि 2011 मध्ये त्याचं नाव लागलं. डीऑन सँडर्सही इथे पाचच हंगाम खेळला, पण 2023 पर्यंतच्या त्या चोवीसांत तो नाही. अटलांटाने मात्र त्याला आपल्या रिंगमध्ये घेतलं आहे. तेव्हा हेलीबद्दल बोलताना 'पाच वर्षं, पण काय वर्षं!' असं म्हणावं आणि सँडर्सबद्दल बोलताना 'पाचच तर वर्षं.' मधल्या 'तर'वर किंचित जोर द्यावा. कोणी फारच ताणलं तर डेन्व्हर दाखवा. पेटन मॅनिंग तिथे चार हंगाम खेळला आणि तेवढ्यावर 2021 मध्ये ब्रॉन्कोजच्या मानाच्या यादीत गेला.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी बाळगा. ज्याच्या बाजूने आकडे आहेत त्याच्यासाठी ते वापरावेत, ज्याच्या बाजूने नाहीत त्याच्यासाठी 'आकडे सगळं सांगत नाहीत' हे वाक्य वापरावं. आक्रमक फळीतल्या लाइनमनला हे फार लागू पडतं. बिचाऱ्याच्या नावावर ना यार्ड, ना टचडाउन. त्याचं काम चोख झालं की टाळ्या त्याच्या मागून पळणाऱ्याला पडतात. रेफिल्ड राइट 1979 मध्ये काउबॉईजकडून शेवटचा खेळला आणि त्याचं नाव 2004 मध्ये लागलं. पंचवीस वर्षं. पण लाइनमनसाठी सहसा कोणी भांडत नाही, त्यामुळे तुम्हीही वेळ घालवू नका.

हार्वी मार्टिनसाठी मात्र घालवा. हे प्रकरण अस्सल आहे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडणं, म्हणजे सॅक, याची अधिकृत मोजणी लीगने 1982 मध्ये सुरू केली. मार्टिनचं सोन्याचं वर्ष 1977. वेगवेगळ्या नोंदींप्रमाणे चौदा सामन्यांत 20 ते 23 सॅक, आणि लीगच्या पुस्तकात त्यासमोर कोरी जागा. त्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. सुपर बोलमध्ये सामनावीराचा मान त्याला आणि रँडी व्हाइटला विभागून मिळाला. सुपर बोलच्या इतिहासात हा मान विभागला गेला तो तेवढा एकदाच. व्हाइटचं नाव 1994 मध्ये लागलं. मार्टिन 2001 मध्ये वारला, आणि 2023 पर्यंतच्या यादीत तो नव्हता. अर्ध्या सामनावीराला मान आणि उरलेल्या अर्ध्याला नाही, यावर काय वाटेल ते बोला. इथे तुमचं म्हणणं चुकून खरंही असेल, म्हणून जरा आवाज खाली ठेवा. खरं बोलताना ओरडलं की लोकांना संशय येतो.

'कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे का?' म्हणजे सगळ्या लीगच्या मानकऱ्यांच्या दालनात, हा प्रश्न हुकमाचा पत्ता आहे, पण बघून टाका. चक हाउली 1977 पासून डॅलसच्या रिंगमध्ये आहे. हरलेल्या संघातून सुपर बोलचा सामनावीर ठरलेला तो एकमेव माणूस. कँटनला मात्र त्याची आठवण 2023 मध्ये झाली. ड्रू पिअर्सनची तऱ्हा आणखी वेगळी. डिसेंबर 1975 मध्ये मिनेसोटात क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाकने देवाचं नाव घेऊन लांब फेकलेला तो प्रसिद्ध 'हेल मेरी' पास झेलणारा हाच. 1983 ला खेळ थांबला, डॅलसने 2011 मध्ये घेतलं, कँटनने 2021 मध्ये. म्हणजे कँटनचा निकाल तुमच्या बाजूने असेल तर ते सर्वोच्च न्यायालय, आणि विरुद्ध असेल तर तिथे मत देणाऱ्या पत्रकारांना खेळातलं काय कळतं?

इथपर्यंत तयारी झाली की मग मुख्य अडचणीकडे वळू. ती अशी की तुमचं मत कोणी मागितलेलं नाही.

काउबॉईजच्या रिंगमध्ये कोण जाणार, हे ठरवणाऱ्या निवड समितीत एक सदस्य आहे. जेरी जोन्स, संघाचे मालक. बैठकीची तारीख जुळत नाही, कोरम पुरा होत नाही, मतं समसमान पडतात, असल्या कटकटी तिथे नाहीत. एकमताने निर्णय घेण्याची अशी अखंड परंपरा फार थोड्या संस्थांना लाभते. 1989 मध्ये त्यांनी संघ विकत घेतला आणि 29 हंगाम प्रशिक्षक राहिलेल्या टॉम लँड्री यांना लगोलग घरी पाठवलं. चार वर्षांनी, 1993 मध्ये, त्याच लँड्रींचं नाव सन्मानाने वर लावलं. ही प्रथाच ज्यांनी सुरू केली त्या श्रॅम यांची पाळी 2003 मध्ये आली. सोहळा झाला तेव्हा ते हयात नव्हते.

पण अभ्यासासाठी जिमी जॉन्सन यांच्यासारखं प्रकरण नाही. जोन्स आणि जॉन्सन हे आर्कान्सा विद्यापीठाच्या संघात एकत्र खेळलेले. मालक झाल्यावर जोन्सनी लँड्रींच्या जागी यांनाच आणलं. पहिल्या हंगामात एक विजय आणि पंधरा पराभव. मग जानेवारी 1993 आणि जानेवारी 1994, लागोपाठ दोन सुपर बोल. आणि मार्च 1994 मध्ये काडीमोड. भांडण कशावरून? संघ उभा कोणी केला, याचं श्रेय कोणाचं, यावरून. त्यानंतर जॉन्सनचं नाव कधी लागणार, हा प्रश्न चाहत्यांनी जवळपास तीन दशकं जपला. दरम्यान 2020 मध्ये कँटनने त्यांना निवडलं. 2021 मध्ये तिथेच, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, जोन्सनी जाहीर केलं की जिमीला रिंगमध्ये घेणार. जॉन्सननी लगेच विचारलं, मी जिवंत असतानाच ना? लोक हसले. तरी आणखी दोन वर्षं गेली. अखेर 30 डिसेंबर 2023 रोजी, डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचं नाव झळकलं. आणि त्या रात्री लोक भांडले कशावरून? शेवटच्या मिनिटात लायन्सचे दोन गुण रेफरींनी रद्द केले आणि काउबॉईज 20-19 जिंकले, त्यावरून. एकोणतीस वर्षं पिकवलेला वाद असा एका शिट्टीने बाजूला पडला. म्हणून सांगतो, दोन-तीन वाद कायम शिल्लक ठेवावेत.

एकट्या मालकाने ठरवणं तुम्हाला पटत नसेल, तर 'लोकांना मतदान करू द्या' अशी मागणी करा. ऐकायला फार छान वाटते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे ही सोय आहे. समिती तीन नावं काढते आणि चाहते त्यातलं एक निवडतात. बिल पार्सेल्स या प्रशिक्षकाने एका बुडीत संघाला 1996 च्या हंगामात सुपर बोलपर्यंत नेलं आणि लगेच वैरी संघाची, न्यूयॉर्क जेट्सची, वाट धरली. चाहत्यांसमोर त्यांचं नाव पुन्हा पुन्हा आलं आणि चाहत्यांनी ते पुन्हा पुन्हा पाडलं. शेवटी 2025 मध्ये आत कोणी घेतलं? मालकाने, वेगळ्या दारातून. आणि टॉम ब्रेडीच्या वेळी तर निवृत्तीनंतर चार वर्षं थांबण्याचा नियमच गुंडाळून ठेवला. यावर मात्र कोणी हरकत घेतल्याचं आठवत नाही. नियम मोडल्याचा राग कोणासाठी मोडला यावर अवलंबून असतो, हे तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल.

चारित्र्य हा निकष शक्यतो काढू नका. काढलाच तर कोणीतरी बफेलोकडे बोट दाखवतो. बिल्सनी आपली मानाची भिंत 1980 मध्ये ओ. जे. सिम्पसनच्या नावाने सुरू केली. पुढे त्याच्यावर खुनाचा खटला चालला, तो सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला. नाव वर्षानुवर्षं तसंच राहिलं. त्यापुढे बोलणं खुंटतं, आणि बोलणं खुंटणं आपल्याला परवडत नाही.

फारच कोंडी झाली तर एक राजमान्य पळवाट आहे: स्वतःचंच नाव सुचवा. सिएटलने 1984 मध्ये 12 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली ती चाहत्यांसाठी, मैदानावरच्या अकरांनंतरचा बारावा म्हणून. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या रिंग ऑफ ऑनरमध्येही चाहत्यांना जागा आहे. एकही सामना न खेळता, एकही हाड न मोडता, वर तिकिटाचे पैसे भरून मिळालेला सन्मान. तुमच्या उमेदवारीवर आक्षेप घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि समजा चमत्कार झाला. ज्याच्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, त्याचंच नाव जाहीर झालं. अशा वेळी आनंद दाखवून घात करून घेऊ नका. 'फार उशीर केला' म्हणा. सोहळ्याची रात्र निवडली तीही चुकीची म्हणा. ते म्हणायला आधार आहे: सप्टेंबर 2005 मध्ये एकमन, आयर्विन आणि एमिट स्मिथ या तिघांची नावं एकाच रात्री लावली, आणि तो सामना काउबॉईज 14-13 असा हरले, तोही वॉशिंग्टनकडून, शेवटच्या चार मिनिटांत दोन टचडाउन खाऊन. मग, टाळ्या थांबायच्या आत, शेजारच्याकडे वळून विचारा: 'हा आत गेला, तर मग तो का नाही?'