आमटीतला गूळ आणि इंग्रजीतला स्वल्पविराम

नोकरी सोडली तेव्हा वाटलेलं, इंग्रजी एडिटिंग म्हणजे काय, लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पैसे घ्यायचे, हे तर मी लग्न झाल्यापासून फुकटात करतेय! ऑनलाइन कोर्सला नाव घातलं, शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल, म्हणजे इंग्रजी एडिटर लोकांचं नियमांचं पुस्तक, मागवलं. हजाराच्या वर पानं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ते लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं.

पहिली असाइनमेंट एका पानाची होती. मी ट्रॅक चेंजेस (फाइलमधला प्रत्येक बदल वेगळा दाखवणारी सोय) लावून असं काही लाल केलं की पान नाही, मिरच्यांचं वाळवण वाटावं. कोर्सच्या मॅडमनी विचारलं, यातल्या चुका किती आणि तुझी आवड किती? मोजलं. ४१ बदलांतल्या सहा चुका. बाकी सगळं म्हणजे दुसऱ्याच्या आमटीत आपला गूळ. तो लेखकाला हवा असेल तर ठीक, नाहीतर बाजूला नम्रपणे क्वेरी टाकायची, 'असं म्हणायचंय का?' आणि गप्प बसायचं. गप्प बसायचं!! याचीही फी घेतात हे मला माहीत नव्हतं.

मग पहिलं खरं काम आलं, एका रिटायर्ड काकांच्या इंग्रजी आठवणी, नातवंडं परदेशात म्हणून. त्यात पानोपानी 'कझिन ब्रदर'. मी सगळीकडून ब्रदर उडवला. काकांचा फोन. "अगं ताई, बाळू माझा आतेभाऊ, तू त्याचं नुसतं कझिन केलंस, आता बाळू की बेबी हे कळणार कसं?" आता आपल्याकडे आते, मामे, मावस, चुलत अशी चार कपाटं आणि इंग्रजीत एकच पिशवी, त्यात माझा काय दोष. पण पुस्तक त्यांचं, बाळूही त्यांचा. सगळे ब्रदर परत आणून बसवले.

नवऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की अमेरिकेत मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यातल्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे अर्थ दोन निघत होते, तर डेअरीच्या ड्रायव्हर लोकांनी केस केली आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तो म्हणाला, "आणि तुला एका स्वल्पविरामाचे किती मिळतात?" मला शब्दावर पैसे मिळतात, स्वल्पविराम फुकट जातो. विषय बदलला.

पण खरी परीक्षा थिसिसवाल्या सरांनी घेतली. "मॅडम, सिमिलॅरिटी ३४ आलीय, ९ करून द्या." सिमिलॅरिटी म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, टक्क्यांत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० मध्ये सापडलात की सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्या. मी म्हटलं, सर, मी फक्त भाषा बघते. ते म्हणाले, "मग भाषाच बदला ना!" मला दोन मिनिटं उत्तरच सुचेना, कारण वाक्य व्याकरणाने एकदम बरोबर होतं. शेवटी सांगितलं, जिथून घेतलंय त्यांची नावं द्या, बाकीचं स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि एडिटर लावायला हरकत नाही असं गाइडचं पत्र आणा. सर रुसले.

पंधरा दिवसांनी स्वतःच फाइल पाठवली, कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून फिरवून. त्यात ब्रेस्ट कॅन्सरचं 'बुझम पेरिल' झालेलं. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. अशा शब्दांना 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हणतात आणि संशोधक लोक ते शोधून शोधून बनावट पेपर पकडतात, हे ऐकल्यावर सरांचा आवाज बसला. मग मात्र बिचारे खरंच लिहायला बसले, दोन महिने लागले. इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्यांचं होतं. ते मी जीव लावून केलं, काय काय बदललं ते सगळं ट्रॅक चेंजेसमध्ये दिसेल असं.

आणि गाइडचं पत्र? आलं ना. दोन ओळींचं, त्यात तीन चुका, आणि शेवटी 'प्लीज काइंडली डू द नीडफुल'. हात इतके शिवशिवले म्हणून सांगू, पण पत्र काही एडिटिंगला आलं नव्हतं. फाइलला लावलं आणि चहा टाकायला उठले.