जँगो राइनहार्ट, बंजारे आणि भैरव: एका फॉरवर्डला उत्तर

संगीतप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. सोबत गिटारवादक जँगो राइनहार्टचा कृष्णधवल फोटो असतो, बारीक मिशी आणि मांडीवर गिटार. मजकुराचा गोषवारा असा: युरोपातले जिप्सी म्हणजे हजार वर्षांपूर्वी राजस्थानातून गेलेले आपले बंजारे. जाताना त्यांनी आपले राग नेले, ‘जिप्सी स्केल’ (जिप्सी सप्तक) म्हणजे आपला भैरवच. जँगो त्यांच्यातला, निरक्षर, त्याला कुणी शिकवलं नाही, संगीत रक्तातच होतं. आगीत दोन बोटं निकामी झाली म्हणून नवी शैली जन्माला आली. शेकोटीभोवती मुक्त भटकणाऱ्या लोकांचं हे हजार वर्षांचं संगीत पुढे ‘जिप्सी जॅझ’ झालं, थोडक्यात जॅझही आपलंच.

वाचायला छान वाटतं, म्हणूनच पुढे ढकललं जातं. मला मात्र त्याचा राग येतो, कारण ज्या माणसाचा गौरव करायचा म्हणून हे लिहिलंय त्याची सगळी मेहनत यात पुसली जाते.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. रोमा, म्हणजे युरोप ज्यांना जिप्सी म्हणत आला त्या लोकांचे पूर्वज भारतातून गेले. त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे आणि जनुकीय अभ्यासही वायव्य भारताकडेच बोट दाखवतात. हे नातं रोमा स्वतःही मानतात. 1971 साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेत त्यांनी जो ध्वज स्वीकारला त्याच्या मधोमध भारताशी नातं सांगणारं लाल चक्र आहे. त्यामुळे भारताशी नातं सांगणं यात चूक काहीच नाही. चूक पुढच्या उडीत आहे.

पहिली उडी बंजाऱ्यांवर. आपल्याकडचे बंजारे, लमाण, हे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणारे व्यापारी. मोगल फौजांच्या रसदीबरोबर ते सतराव्या शतकात दख्खनमध्ये मोठ्या संख्येने आले. त्यांची गोरबोली राजस्थानी बोलींच्या जवळची आहे. तोपर्यंत रोमा युरोपात स्थिरावून दोन-अडीचशे वर्षं झाली होती; 1427 साली तर ते पॅरिसच्या वेशीवर पोचल्याची नोंद आहे. दोघेही भटके, दोघींचे घागरे रंगीत, एवढ्यावर दोन समाज एक ठरवायचे असतील तर दोघांचाही इतिहास वाचायची गरजच उरत नाही.

आता भैरव. मजकुरातला हा सगळ्यात ऐटबाज दावा, आणि तो तपासणं सगळ्यात सोपं, कारण ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. जँगोची 1937 सालची ‘मायनर स्विंग’ लावा. चाल तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या तीन जुळण्यांवर, उभी आहे: ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन. ए हा षड्ज धरून पेटीवर बोटं ठेवा. ए मायनरवर सा, कोमल गंधार, पंचम. डी मायनरवर मध्यम, कोमल धैवत, सा. ई सेव्हन आला की पंचम, शुद्ध निषाद, शुद्ध रिषभ आणि मध्यम. सगळे मिळून काय होतं? रिषभ शुद्ध, गंधार कोमल. भैरवात नेमकं उलट असतं, रिषभ कोमल आणि गंधार शुद्ध. राग आठवायचाच असेल तर कीरवाणी आठवेल. पण तोही राग नव्हेच, ती युरोपची नेहमीची हार्मोनिक मायनर सप्तक-रचना आहे, जर्मन संगीतकार बाखच्या रचनांत पानोपानी सापडणारी. जँगोला बाख परका नव्हता. त्याच 1937 साली आपला साथीदार व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली आणि कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक एडी साउथ यांच्यासोबत त्याने बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोतला भाग स्विंगमध्ये, म्हणजे त्या काळच्या नाचत्या जॅझ शैलीत, रेकॉर्ड केला.

आणि समजा, एखाद्या धूनमध्ये कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार सापडले, तरी काय? स्वर जुळले म्हणजे राग जुळला असं आपल्याकडे तालमीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही म्हणणार नाही. चलन कुठे आहे, न्यास कुठे आहे, भैरवाच्या रिषभ-धैवतावरचं आंदोलन कुठे आहे? शिवाय स्विंगमध्ये दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदलते आणि त्याबरोबर प्रत्येक स्वराचं वजन बदलतं. तानपुऱ्यासमोर अढळ षड्ज धरून बसणाऱ्या संगीताची विचार करायची पद्धतच वेगळी. युरोपात ‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सप्तकांना जवळचा शेजार शोधायचा तर तो तुर्की मकामांत, म्हणजे तिथल्या रागसदृश स्वरचौकटींत आहे, हिजाझ आणि त्याच्या भावंडांत. रोमा शतकानुशतकं उस्मानी मुलखात राहिले, तिथल्या लग्नांत वाजवत आले.

जँगोच्या पाच वादकांच्या बँडचा, पंचकाचा, भारतीय संगीताशी खरा सांधा दाखवायचा तर तो ग्रापेलीचा आहे. त्याने 1980 च्या दशकात कर्नाटक शैलीचे व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्यासोबत वाजवलं. आणि ग्रापेली रोमा नव्हता.

यावरूनच हजार वर्षांच्या दाव्याकडे येतो. ज्याला आज जिप्सी जॅझ म्हणतात त्याची जन्मतारीख बरीच नेमकी सांगता येते. 1934, पॅरिस. ‘क्विन्तेत द्यू हॉट क्लब द फ्रान्स’मध्ये जँगो, त्याचा भाऊ जोझेफ आणि रोजे शापू अशा तीन गिटारी, व्हायोलिनवर इटालियन वडिलांचा पॅरिसकर ग्रापेली, डबल बासवर लुई व्होला. पाचांपैकी दोघेच रोमा. त्या डिसेंबरात पहिल्यांदा रेकॉर्ड केलेल्या चाली ‘डायना’, ‘टायगर रॅग’, ‘लेडी बी गुड’, सगळ्या अमेरिकन. जँगोला या वाटेवर आणणारा आवाज अमेरिकन कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचा. 1931 च्या सुमारास तूलाँमध्ये एका चित्रकार मित्राकडे जँगोने आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकल्या. जॅझ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलं. ते ‘आपलंच’ म्हणणं म्हणजे एका समाजाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर करून मग ते स्वतःच्या खिशात घालणं.

त्याआधीचा जँगो बाल-म्युझेतमध्ये वाढला. पॅरिसच्या र्यू द लापसारख्या गल्ल्यांतली ही नाचघरं. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यमधून पोटासाठी आलेले फ्रेंच, इटालियन अकॉर्डियनवाले आणि मानूश, म्हणजे जँगोच्या शाखेचे रोमा, बँजोवादक तिथे एकत्र आले. जँगो बारा-तेराव्या वर्षापासून तिथे बँजो वाजवत होता. गुस्ती माल्हासारखे मुरलेले मानूश वादक त्याने तिथेच ऐकले आणि उचलले. म्हणजे ‘कुणी शिकवलं नाही’ हेही खोटं. नोटेशन येत नव्हतं हे खरं, पण नोटेशन न येणं आणि न शिकणं यांत फरक आहे हे घराण्यांच्या देशात तरी सांगावं लागू नये.

त्याचा उजवा हात बघा, 1939 च्या सुमाराची फिल्म इंटरनेटवर सहज मिळते. मनगट वाकलेलं, गिटारला न टेकलेलं. पिक (तार छेडायचा तुकडा) वरून खाली पडतो आणि पुढच्या तारेवर टेकून थांबतो. तार बदलली की पुन्हा वरूनच फटका. माइक नसलेल्या, गोंगाटाच्या नाचघरात अकॉर्डियनशेजारी ऐकू जायचं तर असंच वाजवावं लागतं. बँजोवाल्यांचा हा हात त्याने गिटारवर आणला. ड्रम नसलेल्या पंचकात तालाचं कामही गिटारीच करायच्या: ‘ला पोंप’, कोरडा, कापलेला ठेका. आजही मानूश घरांत पोरगं आधी काकांच्या मागे बसून हा ठेका धरतं, सोलो नंतर. आणि सोलो शिकायला गुरू म्हणजे जँगोच्या तबकड्या, सुई मागे नेऊन एकेक जागा पक्की करायची. याला तालीमच म्हणतात.

बोटांची गोष्ट. 2 नोव्हेंबर 1928 च्या रात्री त्याच्या गाडीघराला आग लागली. बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं पेटली होती. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली. पण त्याच वर्षी, आगीआधी, त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालेलं होतं. तबकडीवर नाव चुकीचं छापलं गेलं एवढंच. आगीनंतर जवळपास दीड वर्ष त्याने नवी बोटरचना बसवण्यात घालवलं. सोलो दोन बोटांनी, आणि आखडलेली बोटं वरच्या तारांवर कॉर्डपुरती. अपघाताने शैली दिली असती तर चारही बोटं शाबूत असलेला अल्सासचा नंतरच्या पिढीतला गिटारवादक बिरेली लाग्रेन तीच भाषा इतक्या सहज कसा बोलला असता?

‘रक्तात’ या शब्दावर मला थोडं थांबायचंय. जँगोच्या काळातच मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये स्विंग वाजत होतं. 1935 मध्ये लिऑन अॅबीचा अमेरिकन बँड तिथे आला आणि गोव्याचे वादक ती शैली आत्मसात करत होते. हे गोवेकर चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले होते. त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही की जॅझ त्यांच्या रक्तात होतं, म्हणतात, शिकले. मग मानूश माणूस कानाने शिकला की तेच रक्त का होतं?

लोकसंगीताच्या बाबतीत तर हा गैरसमज आणखी जुना. संगीतकार लिस्टने 1859 च्या पुस्तकात हंगेरीचं संगीत रोमांचं ठरवलं. हंगेरियन संगीतकार बार्तोकने पुढे सांगितलं की कॅफेत ‘जिप्सी संगीत’ म्हणून वाजतं ते बहुतेक हंगेरियन रचनाकारांचं आहे, रोमा ते व्यवसाय म्हणून वाजवतात. हंगेरीतल्या व्लाख रोमांचं घरचं गाणं ऐकायचं तर 1978 साली बुडापेस्टमध्ये सुरू झालेल्या ‘काल्यी याग’ या गटाचं ऐका: तोंडाने काढलेला बास, चमचे, दुधाची किटली. व्हायोलिन शोधूनही सापडत नाही. उलट रोमानियातल्या क्लेजानी गावचे व्हायोलिनवादक निकोलाए नेआक्शू यांनी व्हायोलिनच्या तारेला घोड्याचा केस बांधला, तो बोटांत धरून ओढला आणि त्या घोगऱ्या आवाजावर बॅलड, म्हणजे कथागीत, गायलं. विषय होता 1989 मधलं रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूचं पतन, म्हणजे अगदी ताजी घटना. हजार वर्षांचं साचलेलं संगीत असं वागत नाही.

राहिलं ते मुक्त भटकणं. फ्रान्सने 1912 साली कायदा करून भटक्यांना शरीराची मापं आणि बोटांचे ठसे असलेली वही बाळगायला लावली. आपल्याकडच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण ज्यांच्या घरांत आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. 6 एप्रिल 1940 च्या आदेशाने भटक्यांना फिरायलाच बंदी झाली, मग छावण्या आल्या. जँगोने आपली प्रसिद्ध चाल ‘न्युआज’ रेकॉर्ड केली ती त्याच वर्षी, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये. 1943 मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला. एकदा जर्मनांनी पकडलं, एकदा स्विस पहारेकऱ्यांनी परत पाठवलं. फ्रान्समधल्या छावण्यांतून शेवटचे रोमा सुटले 1946 मध्ये, युरोपातलं युद्ध संपून वर्ष झाल्यावर. त्याच वर्षी जँगो अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदासोबत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता.