ठकीला केस नव्हते

आमचा आत्तेभाऊ कुठल्याही विषयाचा निकाल एका ओळीत लावतो. परवा इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस झाला, त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. लेकीच्या हातात मैत्रिणीला भेट आलेली बाहुली. रंगाने चांगली काळी आणि डोक्याभोवती दाट, स्प्रिंगसारख्या केसांचं गरगरीत कडं. काकूने विचारलं, "ही कसली गं झिपरी बाहुली?" मी भाबडेपणाने समजावलं, की मैत्रीण ब्लॅक आहे, तिचे केस असेच आहेत, मुलींना आपल्या केसांची लाज वाटू नये म्हणून अशा बाहुल्या मुद्दाम बनवतात. झालं. आत्तेभाऊ उतरला : "आता बाहुलीच्या केसांतही राजकारण! आमच्या ठकीला तर केसच नव्हते. आमचा गेला का आत्मविश्वास?" १७ अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

चार दिवस झाले, ठकी डोक्यातून जात नाही. टर्नपाइकच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देते.

ठकी होती, मान्य. आजीकडे होती, सावंतवाडीची, लाकडाची. डोक्यावर काळा रंग फासलेला, तेवढेच तिचे केस. पण त्याच घरात शोकेसमध्ये दुसरीही एक होती. मस्कतहून आलेली, सोनेरी केसांची, आडवी केली की निळे डोळे मिटणारी. तिची प्लॅस्टिकची पिशवी कधी कुणी काढली नाही. ठकीला आम्ही आपटायचो, चिखलात न्हाऊ घालायचो. ती दुसरी पाहुण्यांना लांबून दाखवायची. आत्तेभावाने एकदा तिचे केस विंचरायला पिशवी फाडली आणि आत्याचा सणसणीत मार खाल्ला. ते त्याला आठवत नाही, ठकी तेवढी आठवते.

बाहुलीने काय होतं, हा प्रश्न इथे कोर्टात जाऊन आलाय. केनेथ आणि मेमी क्लार्क या ब्लॅक मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९४०च्या दशकात लहान मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. छान कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुतेक ब्लॅक मुलांनी छान म्हणून गोरी उचलली. मग शेवटचा प्रश्न : तुझ्यासारखी कोणती? तिथे काही मुलं रडायला लागली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या अभ्यासाचा आधार घेतलेला आहे. "बाहुलीच तर आहे" म्हणणाऱ्याला मी हे ऐकवणार होते. ऐकवलं नाही. तो म्हणाला असता, ती अमेरिका, आपल्याकडे कुठे असलं काही.

बरं, नुसता रंग बदलून भागत नाही. बार्बीवाल्या मॅटेलने १९६७ साली फ्रॅन्सी नावाच्या बाहुलीची ब्लॅक आवृत्ती काढली, तेव्हा साचा गोऱ्या फ्रॅन्सीचाच होता. फक्त प्लॅस्टिक तपकिरी. वॉट्समधल्या १९६५च्या दंगलीनंतर लॉस एंजेलिसच्या ब्लॅक वस्तीतल्या लोकांनी शिंदाना नावाचा स्वतःचा खेळण्यांचा कारखाना काढला, १९६८ मध्ये बेबी नॅन्सी ही ब्लॅक बाहुली आणली. कारखाना १९८३ साली बंद पडला. नॅन्सी मात्र २०२० साली खेळण्यांच्या राष्ट्रीय सन्मानदालनात जाऊन बसली. वाढदिवसाची ती बाहुली अलीकडची, तिचं नाव झोई. येलित्सा जाँ-शार्ल या मुलीला कला महाविद्यालयात असताना तिची कल्पना सुचली. लहानपणी नाताळात तिला काळी बाहुली मिळाली, तेव्हा ही सुंदरवाली नाही म्हणून ती रडली होती, असं तिने स्वतःच सांगितलंय.

झोईचे केस खरोखर धुता येतात. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, लेकीला आणायला गेले तर मैत्रिणीची आई, आमची शेजारीण, मुलीला गुडघ्यांत धरून बसली होती, आणि मुलगी झोईला. वॉश डे. केस ओले, त्यावर कंडिशनर, बोटांनी चार भाग केलेले. मोठ्या दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडे. आपल्याकडे मुळाशी फणी खुपसून खाली ओढायची रीत. ओरडलं तर पाठीत धपाटा. मुलगी आईचं बघून बाहुलीच्या बटा सोडवत होती, टोकाकडून. माझे केस विंचरताना माझी आई म्हणायची, "कुणावर गेलीयेस कोण जाणे." मग तेल थापून दोन घट्ट वेण्या, वर शाळेच्या रिबिनी. कपाळ ताणून डोळे बारीक व्हायचे.

कधी वाटतं, आत्तेभावाला मुरूड-जंजिऱ्याची आठवण द्यावी. तो गडकिल्लेवाला आहे, मलिक अंबरवर तासभर बोलतो. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, याचं त्याला कोण कौतुक. त्याच्यासारख्याच आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, सिद्दी, आजही खाली कारवारकडे राहतात, त्यांच्यातले कितीतरी कोंकणी बोलतात. म्हणजे झोईसारखे केस आपल्या भाषांच्या घरात आहेतच. शाळेत त्यांच्या पोरींना काय हाका मारत असतील, हा प्रश्न मला किल्ला बघताना पडला नव्हता, त्यालाही नाही.

इथे निदान कायदा आहे, असं मी ठणकावणार होते. डिसेंबर २०१८ मध्ये आमच्याच न्यू जर्सीत शाळेच्या कुस्तीत पंचाने एका ब्लॅक मुलाला केस काप नाहीतर लढत सोड, असं सांगितलं. मॅटशेजारी उभ्या-उभ्या त्याच्या जटा कात्रीने कापल्या गेल्या. तो जिंकला, पण त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. बरोबर वर्षाने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा राज्यात झाला.

पण मी ज्या मंडळींत गणपतीला मोदक वळते, तिथे घर घेताना पहिला प्रश्न असतो, "त्या भागात 'ते' लोक किती आहेत?" आम्ही घर घेतलं तेव्हा मीही शाळेचं रेटिंग बघितलं. रेटिंग म्हणजे काय बघतो, ते सगळ्यांना माहीत असतं. आत्तेभाऊ निदान उघड बोलतो.

आणि केस. माझे कुरळे केस मी पुण्यात असेपर्यंत कधी सरळ केले नाहीत. इथे आल्यावर, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी, इस्त्री घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. आज १६ वर्षं दर सोमवारी पहाटे ट्रेनआधी बाथरूममध्ये तो जळका वास असतो, आणि लेक दारात दात घासत उभी असते.

गेल्या डिसेंबरात चुलत बहिणीच्या लग्नाला पुण्यात गेलो. लेकीचे केस माझ्यासारखेच. पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, स्ट्रेट करूया, फोटो चांगले येतील." मी हो म्हटलं. लेकीला विचारलं नाही. कार्यालयात जो तो म्हणत होता, "किती गोड दिसतेय, ओळखूच येईना!" मला अभिमान वाटला. कशाचा, ते तेव्हा मनात आलं नाही.

काल रात्री आत्तेभावाला लांबलचक उत्तर लिहिलं. क्लार्क जोडपं, नॅन्सी, मलिक अंबर, सगळं. पाठवायच्या आधी बोट चुकून ग्रुपच्या फोटोवर पडलं आणि तो मोठा झाला. लग्नातला फोटो. मधोमध माझी लेक, खांद्यावर सरळ, चकचकीत केस. तो तिथे मीच लावला होता. उत्तर अजून तसंच पडून आहे, आणि फोटोही.